मोरवेलीची विलायती भावकी



पावसाळा सरला की घाटाच्या कडेला जाळीवर पांढऱ्या फुलांची मोरवेल चढलेली दिसते. पुढं तिला पिसासारखं बी येतं. तिला कुणी छाटत नाही. पण हिची भावकी, क्लेमॅटिस, इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपासून कात्रीखाली आहे. तिचा इतिहास आपल्या द्राक्षवाल्यांच्या कामाचा आहे म्हणून लिहितोय.

इंग्लंडच्या बागेत ही वेल वेगवेगळ्या वाटांनी आली. दक्षिण युरोपातली व्हिटिसेला सोळाव्या शतकातच पोचली. फूल लहान, पण वेल काटक, आणि उन्हाळ्यात त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलणारी. जपानची पेटन्स 1830 च्या दशकात झीबोल्टनं युरोपात नेली. ती वसंतात मागच्या वर्षीच्या काडीवर फुलते. मग 1850 मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून लॅन्युजिनोसा पाठवली. चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा तो हाच. तिचं फूल तळहाताएवढं!

1858 मध्ये वोकिंग गावच्या जॅकमन नर्सरीनं लॅन्युजिनोसा आणि व्हिटिसेलाच्या वंशाचा संकर केला. 1862 मध्ये त्यातून गर्द जांभळी 'जॅकमनी' फुलली आणि मोठ्या फुलांचं वेडच लागलं.

आता छाटायचं कसं? उत्तर वंशात होतं. जॅकमनीनं नव्या फुटीवर फुलायची सवय व्हिटिसेलाकडून घेतली. म्हणून थंडी संपता संपता ती जमिनीपासून फूटभरावर, जोमदार डोळ्याच्या वर सरळ कापतात. पेटन्सच्या वंशाची वेल अशी कापली तर वसंताचा बहार गेलाच. तिची फक्त वाळकी, कमजोर काडी काढायची. आपल्या हिमालयातली मोंटाना तर फुलून गेल्यावरच हलकी छाटायची.

पण मोठ्या फुलाची किंमतही मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरात आलेल्या वेली अचानक माना टाकू लागल्या. 1915 मध्ये अमेरिकेत ग्लॉयर यांनी त्यामागची बुरशी दाखवून दिली. मोठ्या फुलांचे संकर तिला जास्त बळी पडतात, व्हिटिसेला सहसा तग धरते. म्हणून मोठ्या फुलांचं रोप दोन-तीन इंच खोल लावतात. वरची वेल मेली तरी मातीतल्या डोळ्यातून परत फूट येते.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. एका वर्षी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कॅनोपी दाट राहिली, वर ढगाळ हवा. ऑक्टोबर छाटणी मात्र मी काडी तपासणी न करता, शेजाऱ्यानं घेतली म्हणून घेतली, तीही त्याच्याइतक्याच डोळ्यांवर. फूट जोरात निघाली, पण निम्म्याहून जास्त वांझ. घड डोळ्यात आहे की नाही, आणि कितव्या डोळ्यात, हे आधी बघायला हवं होतं. वर्ष गेलं, औषधाची उधारी राहिली.

तारीख कॅलेंडर सांगतं. कुठं कापायचं ते काडीच सांगते. आणि नवीन वाण लावताना नुसता मण्याचा आकार बघू नका, मुळं आणि रोगाची ताकद कुठून आली तेही विचारा.

तुम्ही यंदा काडी तपासली का? कितव्या डोळ्यावर घड दिसला, ते खाली लिहा.