युद्धचित्रकार वसिली वेरेशागिन

वसिली वेरेशागिन यांचा जन्म 1842 मध्ये रशियातील चेरेपोवेत्स येथे झाला. नौदलाचे शिक्षण पूर्ण करूनही त्यांनी चित्रकलेची वाट धरली. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत आणि पुढे पॅरिसमध्ये चित्रकार जेरोम यांच्याकडे ते शिकले.

1867 मध्ये ते रशियन जनरल कॉफमन यांच्यासोबत मध्य आशियातील तुर्कस्तानात गेले. 1868 मध्ये समरकंदच्या वेढ्यात ते स्वतः लढले. त्याबद्दल त्यांना सेंट जॉर्ज पदक मिळाले. कवट्यांच्या ढिगाऱ्याचे 1871 चे त्यांचे प्रसिद्ध चित्र सर्व जगज्जेत्यांना उपरोधाने अर्पण केलेले आहे. विजयाच्या मिरवणुकांपेक्षा प्रेते, जखमी आणि थंडीने गारठलेले सैनिक त्यांच्या चित्रांत अधिक दिसतात. त्यामुळे सेनाधिकाऱ्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

1874 ते 1876 या काळात ते भारतात फिरले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या जयपूरमधील मिरवणुकीचे त्यांचे भव्य चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. 1877 च्या रशिया-तुर्की युद्धात ते जखमी झाले, तर त्यांचा भाऊ प्लेव्हना येथे मारला गेला. पुढे त्यांनी नेपोलियनच्या 1812 च्या स्वारीवर चित्रमालिका रंगवली.

रशिया-जपान युद्धात 13 एप्रिल 1904 रोजी पोर्ट आर्थरजवळ ‘पेत्रोपावलोव्स्क’ ही रशियन युद्धनौका जपानी सुरुंगावर आदळून बुडाली. ॲडमिरल मकारोव्ह यांच्यासह नौकेवर असलेल्या वेरेशागिन यांचाही त्यात अंत झाला.