तळटीप १७ : फ्लॅश प्लेयर
१७. फ्लॅश प्लेयर : ब्राउझरला जोडून चालणारा स्वतंत्र प्रोग्राम, म्हणजे प्लग-इन. आधी मॅक्रोमीडियाचा, २००५मध्ये ती कंपनी अडोबीने घेतली. त्याच वर्षी सुरू झालेले यूट्यूब पुढे अनेक वर्षे याच्याच आधारे चाले. लेखकाला खटकलेला ‘करडा चौकोन’ प्लग-इन नसल्यास किंवा अडवल्यास व्हिडिओच्या जागी दिसे. लेखक त्याला निव्वळ कटकट म्हणतो, ते पटण्यासारखे नाही. जुन्या पद्धतीचे प्लग-इन वापरणाऱ्याच्या खात्याचे सगळे अधिकार घेऊन चालत. त्यामुळे नुसते पान उघडताच एखादी घातक फाइल संगणकात शिरकाव करू शके. जुलै २०१५मध्ये हॅकिंग टीम या इटालियन कंपनीची कागदपत्रे फुटली, तेव्हा त्यांत फ्लॅशमधल्या तोवर अज्ञात त्रुटी सापडल्या आणि फायरफॉक्सने सदोष आवृत्त्या आपोआप चालणे थांबवले. ब्राउझरच्या स्वतःच्या व्हिडिओ यंत्रणेतही त्रुटी निघतात, हा आक्षेप खरा आहे. पण ती ब्राउझरबरोबरच अद्ययावत होते आणि सहसा मर्यादित अधिकारांच्या कप्प्यात चालते. प्लग-इनसाठी मात्र वेगळ्या ‘अपडेट करा’ खिडकीवर विसंबावे लागे, आणि तिचीच हुबेहूब नक्कल करून घातक प्रोग्राम लोकांच्या गळ्यात मारले जात. अडोबीने ३१ डिसेंबर २०२०नंतर दुरुस्त्या देणे थांबवले. १२ जानेवारी २०२१पासून प्लेयरनेच फ्लॅशच्या फाइली चालवणे बंद केले. जुनी अ‍ॅनिमेशन पाहायची असल्यास वाचकांनी रफल हा मुक्त प्रोग्राम वापरावा. मूळ प्लेयरची कुठून तरी मिळालेली प्रत संगणकावर बसवू नये.