तळहातावरची नावे : जेम्स मॅके यांची 'अभय' छायाचित्रे

उजवा हात वर उचललेला, तळवा समोर. ही अभयमुद्रा आपण विहारात, लेण्यांत, घरातल्या बुद्धमूर्तीत नेहमी पाहतो. 'भिऊ नका' हा तिचा अर्थ. ब्रिटिश छायाचित्रकार जेम्स मॅके यांनी याच मुद्रेतून ब्रह्मदेशातील (म्यानमार) राजकीय कैद्यांची गोष्ट जगासमोर आणली.

१९६२ पासून ब्रह्मदेशावर लष्कराची पकड होती. १९८८ चा विद्यार्थ्यांचा उठाव गोळीबाराने चिरडला गेला आणि रंगूनचा इनसेन तुरुंग कार्यकर्त्यांनी भरला. २००७ मध्ये इंधनाचे भाव अचानक वाढवल्यावर भिक्खू संघ रस्त्यावर उतरला. भिक्खूंनी भिक्षापात्र पालथे धरले, म्हणजेच लष्करी अधिकाऱ्यांचे दान नाकारले. विनयातील 'पत्तनिक्कुज्जन' हा तो बहिष्कार होय. नेतृत्व करणाऱ्यांपैकी भिक्खू यू गंबीरा यांना ६८ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१२ मध्ये त्यांची सुटका झाली.

कोठडीत कॅमेरा नेणे शक्य नव्हते. म्हणून मॅके यांनी सुटून आलेल्या कैद्यांना गाठले. यांतले अनेक जण देश सोडून परागंदा झाले होते. छायाचित्राची रीत साधी होती. माजी कैद्याने उजवा हात वर करायचा आणि तळव्यावर अजून तुरुंगात असलेल्या एखाद्या सहकाऱ्याचे नाव लिहिलेले असायचे. त्यामुळे एकाच चित्रात दोन माणसे येतात : एक डोळ्यांसमोर, दुसरा फक्त नावाने. सत्तेला जी नावे विसरायला लावायची होती, तीच इथे पहिल्यांदा वाचली जातात. २०११ मध्ये ही छायाचित्रे 'अभय' या नावाच्या पुस्तकात आली. प्रस्तावना आँग सान सू ची यांची होती.

आम्हाला या कामाचे मोल वाटते, तसाच त्यातून एक अवघड प्रश्नही पडतो. हे अभय कोणासाठी? अशिन विराथू हा भिक्खूही कैदी होता. २०१२ मध्ये सुटल्यावर त्याने मुस्लिमांविरुद्ध द्वेष पेरला. २०१७ मध्ये लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाच्या बचावाला उभ्या राहिल्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि त्याच दिवशी त्यांनाही ताब्यात घेतले. रोहिंग्यांवर चाललेले दमन बहुसंख्यांना परके वाटले होते. त्याच लष्कराचा हात शेवटी सगळ्यांपर्यंत पोहोचला.

डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्यामुळे तो देश आपल्याला परका नाही. त्यांनी आपल्याला दिलेल्या धम्मात मैत्री आणि समता सर्वांसाठी आहे. आपल्या जातीपुरती, धर्मापुरती नाही.

तरुण कार्यकर्त्यांनी मॅके यांच्या कामातून एक गोष्ट जरूर घ्यावी. मोर्चा संपतो, बातमी जुनी होते, पण आत अडकलेल्या माणसाची तारीख पुढेच पडत राहते. त्याचे नाव लिहून ठेवणे, दर महिन्याला उच्चारणे, घरच्यांची चौकशी करणे, वकिलाशी बोलणे हेही चळवळीचेच काम आहे. आणि ते नाव आपल्या समाजाचे नसेल, तेव्हा हात वर करणे अधिक गरजेचे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!