०.२ गुणांच्या आधीची पंधरा वर्षे

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या वाइनचा इतिहास बहुधा पॅरिसपासून सांगितला जातो. १९७९ साली गो-मियो या फ्रेंच मासिकाने जगभरच्या वाइनची स्पर्धा भरवली. पिनो न्वार या द्राक्षवाणाच्या गटात ओरेगनमधल्या ‘आयरी व्हिनयार्ड्स’ या अपरिचित अमेरिकी वाइनरीची १९७५ची ‘साउथ ब्लॉक रिझर्व्ह’ पहिल्या दहांत आली. बर्गंडीतले नामांकित व्यापारी रोबेर द्रुएँ यांनी १९८० साली बोन गावी फेरचाखणी ठेवली. तिथे त्यांची १९५९ची शांबोल-म्युझिनी पहिली आणि आयरी दुसरी ठरली. दोघींत फरक ०.२ गुणांचा.

हा निकाल खराच मोठा आहे. पण गुणपत्रिका फळाचा निवाडा करते, लागवडीबद्दल ती काही बोलत नाही. ती समजून घ्यायची तर २२ फेब्रुवारी १९६५ या तारखेपाशी जावे लागते.

त्या दिवशी आयरीचे संस्थापक, पंचविशीतले डेव्हिड लेट यांनी ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसजवळ, भाड्याच्या जागेत, द्राक्षाच्या काड्या लावल्या. त्यांनी आणलेल्या काड्या सुमारे ३,००० होत्या. युटा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून ते दंतवैद्यकाकडे निघाले होते; कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांनी त्यांना वळवले. १९६३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून द्राक्षशेतीची पदवी घेतली आणि मग काही महिने युरोपातल्या मळ्यांत घालवले. कॉर्व्हॅलिस ज्यात येते त्या विलामेट खोऱ्यातल्या पावसाळी थंडीत उंची द्राक्ष पिकणार नाही, असे डेव्हिसच्या जाणकारांचे मत होते. लेट यांचा हिशेब उलटा होता. वाण असे निवडावे, की हंगाम संपता संपता फळ पिकेल. कडक उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. थंडाव्यात पिनो न्वार सावकाश पिकते, तिचा आंबटपणा आणि नाजूक वास टिकतो. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या बागायतदाराला या हिशेबाची किंमत वेगळी सांगायला नको.

१९६६ साली ही रोपे त्याच खोऱ्यातल्या डंडीच्या टेकड्यांवर, तांबड्या ज्वालामुखी मातीत गेली. पूर्वी तिथे प्लमची बाग होती. नुकतेच लग्न झालेल्या डायना लेट लागवडीला बरोबर होत्या. शेजारच्या उंच झाडांत ससाण्यांची घरटी होती. त्यावरूनच मळ्याला ‘आयरी’, म्हणजे शिकारी पक्ष्याचे उंचावरचे घरटे, हे नाव पडले.

‘पहिले’ हे विशेषण मात्र जपून वापरायला हवे. ओरेगनमध्ये रिचर्ड सॉमर यांनी रोझबर्गजवळ १९६१ सालीच पिनो न्वार लावली होती. तो मान त्यांचाच आहे आणि तो निःसंकोच द्यावा. विलामेट खोऱ्यातली पहिली पिनो न्वार आणि अमेरिकेतली पिनो ग्री या वाणाची पहिली व्यावसायिक लागवड, हा लेट यांचा वाटा. तो काही लहान नाही.

मला या साऱ्या पुराव्यांत सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा कागद: १९७० सालच्या बाटलीवरचे लेबल. मॅकमिनव्हिलमध्ये, जिथे पूर्वी टर्की कोंबड्यांवर प्रक्रिया होई त्या इमारतीत, लेट यांनी पहिली वाइन केली. पिनो न्वारचा रंग फिका उतरला. त्या नावाला ती शोभत नाही असे त्यांना वाटले आणि त्यांनी लेबलवर ‘ओरेगन स्प्रिंग वाइन’ एवढेच छापले. ज्या नावासाठी सारा खटाटोप केला, तेच नाव त्यांनी पहिल्या पिकाला नाकारले. १९७५च्या वाइनवर माझा विश्वास बसतो तो पॅरिसच्या परीक्षकांमुळे कमी आणि या लेबलमुळे जास्त.

२००५ साली मळ्याची सूत्रे मुलगा जेसन यांच्याकडे गेली. २००८ साली डेव्हिड लेट वारले. द्रुएँ कुटुंबाने त्याआधी, १९८७ सालीच, त्याच डंडीच्या टेकड्यांत जमीन विकत घेतली होती. रोबेर यांची मुलगी व्हेरोनिक तिथे पिनो न्वार करू लागली; तिची पहिली वाइन १९८८ची आहे.