पाठीचा बाक आणि वाटाण्याएवढी गाठ

वैतरणेवरून मुंबईस जाणारी आगगाडी १८६४ साली सुरू झाली आणि पालघर, बोईसरकडील रोग्यास मोठ्या रुग्णालयाची वाट मोकळी झाली. परळला के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. परंतु रुग्णालय गाठले म्हणजे रोग सापडलाच, असे नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची पाठ एका अंगास कलली, की आपण घरी 'ताठ बैस' म्हणून दटावतो. वैद्यकासही या दुखण्याचे एक कारण उमगण्यास फार काळ लागला.

पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली कण्याच्या एका विकृतीचे वर्णन केले. ती मणक्याच्या क्षयाची होय. आपल्याकडे तो रोग इतका परिचित, की मुलाची पाठ दुखली म्हणजे प्रथम त्याचीच शंका यावी. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, तरी मणक्याच्या मागील भागात दडलेली बारीकशी गाठ साध्या चित्रात सहज दिसत नसे. हाडातील अशा गाठीस पुष्कळदा जंतुदोषच समजत. न्यूयॉर्कचे हेन्री जाफे यांनी १९३५ साली ती स्वतंत्र व निरुपद्रवी गाठ असल्याचे दाखवून 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' हे नाव दिले. तिचा गाभा बहुधा दीड सेंटिमीटरहून लहान असतो. तिची थोरली बहीण शोभेल अशा 'ऑस्टिओब्लास्टोमा'स १९५६ साली नाव मिळाले.

गाठ एवढीशी, मग कणा का वाकावा? गाठीच्या वेदनेने त्या बाजूचे स्नायू आखडतात आणि कणा तिकडे कलतो. म्हणून गाठ बहुधा बाकाच्या आतल्या अंगास आढळते. वेदना रात्री वाढते, अ‍ॅस्पिरिनाने शमते. वाढत्या वयातील नेहमीचा बाक मात्र सहसा असा ठणकत नाही.

१९७१ साली सी. टी. स्कॅन आला व गाठ नेमकी दिसू लागली. पेटीन व क्लासेन यांनी १९८६ साली दाखविले, की दुखणे सुरू झाल्यापासून सुमारे पंधरा महिन्यांच्या आत गाठ काढल्यास बाक आपोआप सरळ होण्याची आशा असते. पुढे तो कायमचा होऊ शकतो. १९९२ पासून सुईने उष्णता देऊन गाठ जाळण्याचा उपायही आहे. मज्जारज्जू निकट असेल तेथे तो जपून योजावा लागतो.

तेव्हा गाठ दुर्मीळ असली, तरी रात्री पाठ ठणकते म्हणणाऱ्या मुलास आपण दटावू नये, डॉक्टरांकडे न्यावे. पंधरा महिने दटावण्यात सहज निघून जातात.