आशियाई विद्यापीठांचा उदय : मुंबई व मीरा-भाईंदर परिसर

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जागतिक उच्चशिक्षण व संशोधनात जपान, दक्षिण कोरिया, चीन, सिंगापूर, हाँगकाँग येथील विद्यापीठांनी मिळवलेले अग्रस्थान. लंडनहून निघणाऱ्या ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या २०२५ च्या क्रमवारीत बीजिंगचे छिंगह्वा विद्यापीठ बारावे व पेकिंग विद्यापीठ तेरावे होते. ‘क्यूएस’च्या त्याच वर्षीच्या यादीत नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर आठव्या क्रमांकावर होती. त्या यादीत मुंबईतील आयआयटीचा क्रमांक ११८ होता आणि मुंबई विद्यापीठ सातशेच्या पुढे होते. आशियातील सर्वांत जुन्या आधुनिक विद्यापीठांपैकी एक मुंबईत असताना हे अंतर का पडले, याचे उत्तर पैशात जितके आहे तितकेच विद्यापीठाच्या घडणीत आहे. या नोंदीत ते मुंबईच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीलगत वसलेल्या मीरा-भाईंदरपर्यंत तपासले आहे.

टोकियो विद्यापीठ १८७७ मध्ये स्थापन झाले, म्हणजे मुंबईनंतर वीस वर्षांनी. मेजी राजवटीने परदेशी प्राध्यापक पगारी आणले, त्यांच्या हाताखाली आपली माणसे तयार केली आणि एका पिढीत अध्यापन जपानी लोकांच्या हाती दिले. दक्षिण कोरियाने १९७१ मध्ये पदव्युत्तर विज्ञानासाठी स्वतंत्र संस्था काढली (आजची ‘काइस्ट’) आणि १९९९ पासून ‘ब्रेन कोरिया २१’ योजनेतून संशोधक विद्यार्थ्यांना थेट पैसा पुरवला. सिंगापूरने १९०५ च्या वैद्यकीय शाळेपासून वाढत आलेले विद्यापीठ आणि नानयांग विद्यापीठ १९८० मध्ये एकत्र केले. चीनचा वेग सर्वांहून जास्त. १९९५ ची ‘२११’ योजना, मे १९९८ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या शताब्दी समारंभात जाहीर झालेली व पुढे ३९ विद्यापीठांपर्यंत पोचलेली ‘९८५’ योजना, आणि २०१७ ची ‘दुहेरी प्रथम श्रेणी’ योजना, अशा तीन टप्प्यांत निवडक विद्यापीठांवर खर्च झाला. निवडक हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सगळ्यांना सारखे वाटण्याचा प्रयत्न चीनने केलाच नाही. आपली विद्यापीठे जगात कुठे आहेत हे पाहण्यासाठी शांघायच्या ज्याव थुंग विद्यापीठाने २००३ मध्ये एक यादी केली आणि त्यातून जागतिक क्रमवारीचा आजचा व्यवहार सुरू झाला. त्या पहिल्या यादीतील पहिल्या दोनशेत चीनच्या मुख्य भूमीवरील एकही विद्यापीठ नव्हते.

भारत संशोधन व विकासावर स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या वर आहे आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील तिन्ही विद्यापीठांना तत्कालीन लंडन विद्यापीठाचा नमुना घालून दिला होता : शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची व पदवी द्यायची विद्यापीठाने. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांचे संशोधन जागतिक दर्जाचे ठरले, पण ते घडवणारी यंत्रणा विद्यापीठाकडे नव्हती. ते एका माणसाचे कर्तृत्व होते. लंडनने स्वतः १८९८ च्या कायद्याने अध्यापन करणारे विद्यापीठ होण्याचा मार्ग धरला. मुंबईत संलग्नतेची चौकट पुढे शतकभर वाढतच गेली. आज आठशेहून अधिक महाविद्यालये या विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि त्याचे कार्यक्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरीमार्गे सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. टोकियो किंवा सिंगापूरच्या कुलगुरूला जिल्ह्याजिल्ह्यांतल्या परीक्षा केंद्रांची काळजी करावी लागत नाही.

या चौकटीतही विद्यापीठाने स्वतःचे विभाग काढले तेव्हा फळ लगेच मिळाले. १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिसच्या हाती आला. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो चालवला आणि भारतीय समाजशास्त्राची पहिली मोठी पिढी तिथे तयार झाली. १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. माटुंग्याच्या या ‘यूडीसीटी’ने कापडगिरण्या, रंग व औषध उद्योगाशी घट्ट नाते ठेवले, स्वतःचे प्राध्यापक स्वतःच घडवले आणि म. मो. शर्मा, रघुनाथ माशेलकर यांच्यासारखे अभियंते-शास्त्रज्ञ दिले. कोरिया व सिंगापूरने नंतर जे मोठ्या प्रमाणावर केले, ते माटुंग्यात लहान प्रमाणावर आधीच चालू होते. २००८ मध्ये ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली आणि मुंबई विद्यापीठाने आपला सर्वांत बळकट संशोधन विभाग गमावला.

स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर मोठे संशोधन विद्यापीठाबाहेरच ठेवले गेले. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) कुलाब्यात, अणुसंशोधन केंद्र तुर्भ्यात, आयआयटी (१९५८) सोव्हिएत मदतीने व युनेस्कोमार्फत पवईत. या संस्थांची कामगिरी मोठी आहे. टाटा संस्थेने नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेल्या तीस अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करणारा भारतीय व जपानी शास्त्रज्ञांचा गट २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या गुणगुणण्याचा पुरावा मांडणाऱ्या जागतिक प्रयत्नात सहभागी होता. आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून निघालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील ‘कार-टी’ पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण या कामाची सावली बी.एस्सी.च्या वर्गावर फारशी पडत नाही. चीनने आपल्या विज्ञान अकादमीच्या संस्थांबरोबर विद्यापीठांतही प्रयोगशाळा भरल्या. मुंबईत संशोधक एका कुंपणाच्या आत राहिले आणि लाखो विद्यार्थी दुसऱ्या कुंपणाच्या आत.

आशियाकडे पाहून विद्यापीठ काढण्याचे महाराष्ट्रातील जुने व ठळक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. टोकियोत १९०१ मध्ये नारुसे जिन्झो यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून होते. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर १९२० मध्ये संस्थेला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला आले. सरकारी मान्यतेसाठी मात्र १९५१ उजाडावे लागले. लंडनच्या नमुन्यावरच्या विद्यापीठाला सरकारने जन्मतःच सनद दिली आणि टोकियोच्या नमुन्यावरच्या विद्यापीठाला पस्तीस वर्षे तिष्ठत ठेवले. आशिया आशियाकडून शिकू शकतो ही गोष्ट त्या काळच्या शिक्षणखात्याच्या हिशेबात नव्हती. आजच्या खात्याच्या हिशेबात ती किती आहे, हे पुढे दिसेल.

मीरा-भाईंदर हा ठाणे जिल्ह्यातील मिठागरे, भातशेती आणि उत्तनच्या कोळीवाड्यांचा परिसर. १९८५ मध्ये ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांनी हे शहर भरले : लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ८,०९,३७८. एवढ्या वस्तीच्या शहरात स्वतःचे विद्यापीठ नाही. आहेत ती महाविद्यालये : भाईंदर पूर्वेचे शंकर नारायण, मीरा रोडचे एल. आर. तिवारी अभियांत्रिकी, आणि त्यांच्यासारखी आणखी काही. सर्व मुंबई विद्यापीठाशी संलग्न. उत्तनच्या केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (स्थापना १९८२) ही लोकप्रतिनिधी व कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आणि सामाजिक संशोधन करणारी संस्था आहे, पण तिचा पिंड विद्यापीठाचा नव्हे.

ही महाविद्यालये १९८३ नंतरच्या धोरणाची अपत्ये आहेत. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शुल्कावर चालणारे उच्चशिक्षण राज्यभर पसरले. पुढे वाणिज्य शाखेत बीएमएस, अकाउंटिंग अँड फायनान्स, विज्ञानात आयटी असे ‘सेल्फ फायनान्स’ अभ्यासक्रम आले. उपनगरांतील मध्यमवर्गाला ते सोयीचे वाटले, कारण सकाळचे लेक्चर करून दुपारी नोकरी किंवा सीएचा क्लास जमतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. घरात पहिल्यांदाच पदवी येणाऱ्या हजारो कुटुंबांना हेच दार उघडे होते. संशोधनासाठी मात्र ही रचना प्रतिकूल आहे. शुल्कावर चालणाऱ्या महाविद्यालयाला कायम प्राध्यापक परवडत नाहीत, म्हणून तास वाटले जातात ते तासिका तत्त्वावर (सीएचबी). सीएचबीवर दोन-तीन कॉलेजे धरून लोकलने फिरणारा अध्यापक प्रयोगशाळा उभी करू शकत नाही, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याकडून ती अपेक्षाही नसते. पीएच.डी. करायची तर विद्यापीठाचे कलिना संकुल, माटुंगा किंवा पवई.

परीक्षा हेच मुख्य काम असलेल्या विद्यापीठाचा ताण २०१७ च्या उन्हाळ्यात सर्वांना दिसला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला गेला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. परदेशात प्रवेश मिळालेल्या पण गुणपत्रिका हाती नसलेल्या मुलांचे सर्वाधिक हाल झाले.

क्रमवारीवरचे आक्षेप खरे आहेत. इंग्रजी नियतकालिकांतील उद्धरणे आणि तज्ज्ञांत फिरवलेली मतपत्रे यांना तिच्यात मोठे वजन असते. २०२० मध्ये मुंबईसह सात आयआयटींनी पारदर्शकतेच्या अभावाचे कारण देऊन ‘टाइम्स’च्या यादीतून अंग काढून घेतले. २०२३ मध्ये सौदी विद्यापीठे परदेशी संशोधकांची नावे पैसे देऊन आपल्याकडे नोंदवून घेतात हे प्रकरण गाजले. तरीही यादीला हसून सोडून देता येत नाही, कारण शासन ती वापरते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीला क्यूएस यादीतील ठरावीक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो. सिंगापूर, हाँगकाँग, बीजिंगची नावे त्या मर्यादेत सहज बसतात, पण अर्जदार व सल्लागार यांची नजर अजून लंडनवरून फारशी हललेली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे म्हटले आहे. मुंबईत त्याच सुमारास समूह विद्यापीठे निघाली : डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ (२०१९) आणि एचएसएनसी विद्यापीठ (२०२०). दोन्ही दक्षिण मुंबईतील जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांभोवती उभी आहेत. उपनगरांपलीकडच्या विनाअनुदानित महाविद्यालयांना स्वायत्त होण्याइतके कायम प्राध्यापक आणायचे कुठून, या प्रश्नाला धोरणात उत्तर नाही. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्याची वाट मोकळी केली. त्यानुसार जून २०२५ मध्ये मुंबई व नवी मुंबईसाठी पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली : ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. आशियातील एकही नाव त्यांत नव्हते.