जतचा कातळ, समुद्राची नोंद

आमच्या जत तालुक्यात विहीर खणताना मुरूम संपला की काळा कातळ लागतो. त्यात हरभऱ्याएवढी भोकं दिसतात, काहींत पांढरे खडे बसलेले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या, दख्खनच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यातले ते वायूचे बुडबुडे. त्या उद्रेकांतल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापली. असा वायू समुद्रात मुरला की पाणी आम्लतेकडे झुकतं, शंख-शिंपल्यांना लागणारं कार्बोनेट घटतं. फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या चुन्याच्या कवचांतल्या बोरॉनवरून त्या काळच्या समुद्राच्या पाण्याचा सामू (pH) काढता येतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच काळात चिक्शुलुब इथे झालेल्या लघुग्रहाच्या आघातानंतर तो झपाट्याने घसरल्याचं दिसलं. आज तोच वायू आपण दख्खनच्या ज्वालामुखींपेक्षा कितीतरी वेगाने सोडतो आहोत. पृथ्वी पुन्हा तापते आहे, म्हणून दुष्काळ सोसणाऱ्या जतकरांनी हा इतिहास शिकलाच पाहिजे.